कर्ता कोण

अकरावीच्या वर्गात दर ऑक्टोबरला
मी ती कादंबरी उघडते.
खिडकीबाहेर कापूस वेचणारं यंत्र फिरत असतं, एकटंच,
आणि त्या अख्ख्या शेतात
मान वर करून बघेल असं कोणी नसतं.

पान एकशे बारा.
मिसिसिपीचा पूर, त्याची दुसरी सकाळ.
ऑगस्टा प्रुएटबाईंनी लिहिलंय:
रात्रभर बांध राखला गेला.

वाक्य सुंदर आहे, हीच तर पंचाईत.
मी ते फळ्यावर लिहिते. विचारते, प्रयोग कोणता?
कर्मणी, बाई.
मग कर्ता कोण?

पंख्याचं एक पातं खरखरतं.
हॅली म्हणते, कर्ता अध्याहृत आहे.
मागच्या बाकावरून जेरिको:
अध्याहृत म्हणजे
सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कोणी नाही,
असंच ना?

माझा आजोबा ओझेल तेव्हा तेवीस वर्षांचा.
खांद्यावर वाळूचं पोतं, मागे बंदूकवाला,
सदऱ्याला टाचलेला बिल्ला.
बिल्ल्यावर आकडा होता. तो दाखवला तर पाव मिळायचा.
तो बिल्ला माझ्या टेबलाच्या खणात आहे,
खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत.
वर्गात अजून काढलेला नाही.

बाई खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही.
जज्जसाहेबांच्या माडीवरून
बांध म्हणजे कंदिलांची एक रांगच दिसली असणार,
आणि कंदील धरणारे हात
अंधारात अंधारासारखेच.
पंधरा वर्षांनी त्या लिहायला बसल्या तेव्हा
न्यूयॉर्कच्या प्रकाशकाला दक्षिण हवी होती,
मॅग्नोलियाच्या वासाची, जरा हळू बोलणारी.
आणि वडील अजून जिवंत होते,
रोज संध्याकाळी खाली जेवायला असायचे.

त्यांना वाढायची आयडेला. माझी आजी.
चुलीपाशी ती एकदा म्हणाली होती:
पाण्याला दार दाखवावं लागत नाही.
कादंबरीत हे जज्ज म्हणतो,
पान एकशे चाळीस, पांढऱ्या लिननच्या सुटात.
आता ते गावाच्या वेशीवर पाटीवर आहे,
खाली बाईंचं नाव, आणि पेट्रोलपंपाची जाहिरात.

वाचनालयात आजीनं अकरा वर्षं धूळ पुसली.
पुस्तकांची पाठ पुसायची परवानगी होती,
पोट उघडायची नव्हती.
पहिल्यांदा तिनं ते उघडलं एकसष्टाव्या वर्षी,
औषधाच्या दुकानातला चष्मा लावून, ओठ हलवत.
एकशे चाळीसवर थांबली. बराच वेळ.
मी लहान होते, मला वाटलं रडेल.
म्हणाली, मीठ कमी घातलंय हिनं.
आणि पान उलटलं.

दर दोनतीन वर्षांनी पालकांची सभा भरते.
काहींना पुस्तकातल्या त्या एका शब्दाचा त्रास,
काहींना माझ्या त्या एका प्रश्नाचा.
दोघंही म्हणतात, दुसरं काही शिकवा ना.
मी कॉफी पिते. पुस्तक परत पिशवीत घालते.
आजीच्या तोंडचं एक तरी वाक्य छापलेलं
मला दुसरीकडे कुठे सापडायचंय?

यंदा परीक्षेत विचारलं:
वाक्याचा कर्तरी प्रयोग करा. गुण दोन.
हॅलीनं लिहिलं, माणसांनी रात्रभर बांध राखला.
बरोबर आहे. दोन गुण दिले.
जेरिकोनं पुरवणी मागून घेतली होती.
चर्चच्या जुन्या वहीतून पाठ केलेली एकेचाळीस नावं,
कोणाचं स्पेलिंग चुकलेलं,
एक तर दोनदा आलेलं,
आणि सगळ्यात शेवटी, वेळ संपत आल्यासारखं:
यांनी.

त्यात ओझेल नव्हता.
मी लाल पेन हातात घेतलं,
खाली ठेवलं.
मग पेन्सिलीनं,
समासात.