अंगावर काढणे

पहाटे चार पन्नासला फोन म्हणतो, चेहरा दाखवा.
फर्गस गाडीतला दिवा लावतो, मफलर खाली ओढतो.
चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.
बाहेर ग्लासगो, काचेवर बर्फाची साय,
आत एकशे दोन ताप.
फोटोतला माणूस दोन वर्षांपूर्वीचा,
नुकती दाढी केलेला, जरा गुबगुबीत.
फर्गस बाहीनं कपाळ पुसतो,
गालात थोडी हवा भरतो, डोळे ताणतो.
चेहरा जुळत नाही.
तिसऱ्यांदा तो हसतो
आणि फोनला ओळख पटते.

आजारी पडायला त्याला कुणाची मनाई नाही.
तो कुणाचा नोकर नाहीच, स्वतःचा मालक आहे;
तसं करारात लिहिलंय, पान एकोणीस.
पण मालकानं मालकाला रजा दिली
तरी सोमवारी गाडीचं भाडं कापून जाणार
आणि ते भाडं फेडायला भाडी हवीत.
एकाच शब्दाच्या दोन टोकांमध्ये
एक राखाडी टोयोटा धावते,
हीटर फक्त डाव्या बाजूला चालणारी.

तेवीस वर्षं त्यानं बस चालवली.
तेव्हा सामन्याच्या दिवशी हमखास पोट बिघडायचं.
नाक दाबून डेपोत फोन करायचा.
इशबेल विचारायची,
"पोट बिघडलंय ना? मग नाकात का बोलतोस?"
आणि वहीत लिहायची, अन्नातून विषबाधा.
वर म्हणायची, दोन गोल तरी होऊ देत.

तेव्हा तो खोटा आजारी असायचा.
आता खोटा बरा असतो.
हे जास्त अवघड आहे,
आणि याला बिनपगारीच असतं सगळं.

पाच वीसला ओना. फोनवर एवढंच नाव.
लोकरी टोपी, टोपीखाली केस नाहीत,
तोंडाला मास्क, मांडीवर थर्मास.
हॉस्पिटल, मागचं दार.
क्लाइड नदीखालच्या बोगद्यात त्याला उबळ येते.
तो जीभ टाळूला दाबून धरतो,
पुढच्या गाडीचे लाल दिवे पाण्यात विरघळतात,
मग फुटतोच खोकला, स्टिअरिंगवर, काचेवर.

"सर्दी?"
"मांजर," तो म्हणतो. "मुलीनं मांजर आणलंय. ॲलर्जी."
मांजर नाही. मुलगी आहे, हॅलिफॅक्सला, समुद्रापलीकडे.
ओना मास्कची तार नाकावर पुन्हा दाबते,
सरकत सरकत दाराला टेकते,
इतकी, की आरशात फक्त टोपीचा गोंडा उरतो.
उतर म्हणत नाही, थांबव म्हणत नाही.
तिची साडेपाचची वेळ
दीड महिन्यानं मिळालेली आहे.

मराठीत म्हणतात, दुखणं अंगावर काढलं.
रुमालावर फूल काढावं तसं,
दिवसाला चार टाके, दिवसाला सहा.
जानेवारीपासून तो काढतोच आहे,
पाठीवर, फासळ्यांवर, घशाच्या आत.
पण दोरा लांब असतो
आणि मागच्या सीटपर्यंत पुरतो.
हे त्यालाही कळतं.
म्हणून बोगदा संपताच तो चारही काचा खाली घेतो.
थंडीनं दोघं थडथडतात.
कुणीच तक्रार करत नाही.

उतरताना ती म्हणते, "मांजराला जप."
हे टोचून होतं की मायेनं,
दार लागेपर्यंत त्याला ठरवता येत नाही.

तिथं तीनच मिनिटं थांबता येतं.
तो मागची मूठ पुसतो, सीट पुसतो,
थर्मासचा ओला गोल पुसतो,
आणि तेवढ्यात फोन वाजतो.
विमानतळ. चांगलं भाडं.
पडद्यावर पंधरा सेकंदांचं वर्तुळ कमी होत जातं.
फर्गस फोन उचलून कानाला लावतो,
नाक दाबायची गरज नसते आज.
"इशबेल," तो म्हणतो, "आज काही जमायचं नाही बघ."

वर्तुळ संपतं.
पलीकडून कोणीही विचारत नाही, सामना कोणाचा आहे.
अजून दीड मिनिट उरलेलं.
दुसरं वाजतं.