दोष आढळला नाही

स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, दोष आढळला नाही.
रेवती तांडेल म्हणाली, मग मी काय खोटं बोलते?

तिचा टेम्पो माझ्या शेडमध्ये येतो तेव्हा
पहिल्या चावीला सुरू,
डॉक्टरच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखा.
आणि भाऊच्या धक्क्यावरून माल भरून निघाली की
रे रोडच्या पुलावर, नेमका चढाला,
गप्प.
आचका नाही, धूर नाही, काटे शून्यावर.
मागून ट्रेलरवाले आईबहीण काढतात,
बर्फ वितळत राहतो,
आणि वीस मिनिटांनी आपल्या मर्जीनं लागतो
जणू मधे काही घडलंच नाही.

तीन मेकॅनिकांनी तीन वस्तू बदलल्या:
डिझेलचा पंप, क्रँकचा सेन्सर, बॅटरी.
चौथ्यानं लिंबू-मिरची बांधली. तेवढं एक स्वस्तात झालं.

मी पॉइंट घासण्याच्या काळातला माणूस.
तेव्हा गाडी बंद पडायची ती सांगून पडायची,
खोकायची, कण्हायची, पेट्रोलचा वास सोडायची.
आता एक चपटी पेटी असते, शाळेच्या वहीएवढी.
किती थेंब, कधी, किती क्षण, सगळं तीच ठरवते,
कुणाचं काय चुकलं तेही तीच लिहून ठेवते.
पण लिहिणारीच बेशुद्ध पडली
तर वहीत काय उमटणार?

म्हणून एका रात्री मीच तिच्यासोबत गेलो.
अडीच वाजता. धक्क्यावर मांदेलीचे ढीग, पिवळे दिवे,
पायाखाली चिकट पाणी.
बाजूच्या सीटवर तिची टोपली होती.
‘क्लीनर परवडत नाही, हिलाच बसवते,’ म्हणाली,
आणि टोपली उचलून मागे सारली.
सीट ओली. माझी पँट ओली.
चाळीस वर्षं वायरिंग करतोय,
आणि मला तेव्हाही काही सुचलं नाही.

तीन चाळीसला, पुलावर, मेला.
सीटखाली हात घातला. पेटी तापलेली.
काही विचार करून नाही, उगीच,
तळव्यानं दाबली.
मार चावी.
लागला.
हात काढला, मेला.
दाबली, लागला.

मग चेंबूरपर्यंत मी तसाच,
गुडघ्यात डोकं, तळवा पेटीवर,
नाकात बोंबलाचा वास.
ती वरून सांगायची: खड्डा. गतिरोधक. परत खड्डा.
बाकी आम्ही काहीच बोललो नाही.
बाजारात ती उतरली तेव्हा अंधार होता अजून,
महिन्यात पहिल्यांदा ती इतरांच्या आधी पोचली होती.
माझी बोटं सरळ व्हायला चहाचे दोन ग्लास लागले.

सकाळी पेटी उघडली.
पिनांवर खारट हिरवा थर,
सहा वर्षं टोपलीतून ठिबकलेला.
आणि आत, भिंगाखाली, एका डाखाभोवती
केसाएवढी गोल भेग.
तापली की उघडायची, निवली की मिटायची.
कंपनीनं नव्या पेटीचे अडतीस हजार सांगितले होते.
मी श्वास धरला,
डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं
(गेल्या दिवाळीपासून थरथरतं, घरी बोललेलो नाही)
आणि टाचणीच्या डोक्याएवढं कथील ठेवलं.

चार महिने झाले. बंद पडलेला नाही.
परवा हॉर्नचं काम घेऊन आली,
कागदात गुंडाळून सुके बोंबील दिले.
टोपली आता मागे, टबात.
म्हणाली, पुलावर आलं की अजून गप्प होते मी.
भाची काही सांगत असली तर तिलाही थांबवते.
चढ संपला की म्हणते, हां, बोल.

यावर काय करायचं ते मला माहीत नाही.

मीही शेवटी गेलो डॉक्टरकडे, शिवडीला.
हात पुढे करा, म्हणाला.
केला.
जराही हलला नाही.