भाद्रपदातला कुलर

मे महिन्यात हा कुलर म्हणजे घरातलं पाचवं माणूस.
पारा पंचेचाळीसच्या वर गेला
की आई आधी त्याची टाकी भरते, मग पिण्याचे हंडे.
संघमित्रासाठी.
तिच्या अंगातलं पाणी आटता कामा नये.
आटलं की रक्तातल्या तांबड्या पेशी वाकतात विळ्यासारख्या
आणि बारीक गल्ल्यांत एकमेकींत अडकून बसतात.
तेव्हा ती ओरडत नाही,
पलंगाच्या लोखंडी दांडीला कपाळ टेकून
सतराचा पाढा म्हणते.
एकशे त्रेपन्नपर्यंत गेली की पुन्हा पहिल्यापासून.

आईबाबांनी आम्हाला एकेक दाणा दिला.
दोघांच्याही मुठीत एक चांगला, एक किडका,
आणि लग्नाच्या वेळी मूठ उघडून बघा
असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.
मला एक किडका आला. तिला दोन्ही.

जुलै गेला. खसच्या ताट्या काळ्या पडल्या.
'टाकी उलटी कर बे,' बाबा म्हणाले.
करतो म्हटलं.
तळाशी वीतभर पाणी,
त्यात स्वल्पविरामासारखं काहीतरी
वरखाली, वरखाली.
मी पाहिलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मला मंगळवारी ताप आला, तिला बुधवारी.
तीच डोळ्यांमागची ठणक,
तीच हाडं कांडून काढणारी रात्र.
पाचपावलीच्या लॅबमधून दोन कागद आले,
दोन्हींवर एकच शब्द.
'डेंगू तर सगळ्यायलेच होऊन राह्यला,'
शेजारच्या शेवंताबाई म्हणाल्या, 'पपईचा पाला द्या.'
सहाव्या दिवशी मी उठून बसलो
आणि तर्रीपोहे मागितले.

माझ्याकडे तो पाहुणा म्हणून आला:
चार भांडी फोडली, गेला.
तिच्याकडे आधीच कुणीतरी राहत होतं,
जन्मापासून, भाडं न देता.
दोघांनी एकमेकांना लगेच ओळखलं.

मेयोला नेताना ऑटो मारबतीच्या गर्दीत अडकला.
पिवळी माती, ढोल, हजार गळे:
रोगराई घेऊन जा गे मारबत!
संघमित्राचं डोकं आईच्या मांडीवर,
ओठ निळसर, श्वास अर्धाअर्धा.
मला वाटलं ओरडावं त्या गर्दीसारखं.
पण काय घेऊन जा म्हणणार?
डास घेऊन जा, ताप घेऊन जा,
पण हिच्या रक्तातला अर्धा आजार
तो आमच्याच घरातून आलाय,
तो नेशील तर हिला कुठपर्यंत सोलशील?
एका पोराने ऑटोत डोकावून पाहिलं
आणि ढोलवाल्यांना हात केला: थांबा बे, पेशंट आहे.
तेवढ्यापुरता ढोल थांबला.

वॉर्डातल्या डॉक्टर तिडके झोपलेल्या नव्हत्या,
दोन दिवस तरी.
सलाइनच्या थेंबांकडे बोट करून म्हणाल्या,
'कमी दिलं तर पेशी वाकतात.
जास्त दिलं तर फुप्फुसात उतरतं.
तुझ्यासारख्याला मी नुसतं पाणी पी म्हणून घरी पाठवलं असतं.'
मग त्या पुन्हा थेंब मोजायला लागल्या,
आणि मी त्यांच्यासोबत.
सतरा. चौतीस. एकावन्न.

एकोणीस दिवसांनी ती घरी आली,
पायऱ्या बसून बसून चढली.
मी टाकी घासत होतो, ब्लीचिंग टाकून, बोटं सोलेपर्यंत.
आता घासून काय.
तिने विचारलं, 'विकणार का याला?'
मी म्हटलं, हो.
'मग मे महिन्यात काय करशील माझं?'

टाकी उलटी करून ठेवली आहे गच्चीवर.
दर रविवारी जाऊन बघतो.
कोरडी असते.
तरी बोट फिरवून बघतो.