फेस कमी येईल

सियागंजातून पायी आली विदुला.
दोन किलो धुण्याचा सोडा, पावशेर टाकणखार,
मारोठिया बाजारातून अर्धा किलो रिठे.
रिक्षाचे चाळीस वाचले, म्हणाली,
तेही हिशेबात धर.

हिशेब कॅलेंडरच्या पानामागे. फेब्रुवारीच्या,
कारण फेब्रुवारीत माझी नोकरी गेली
आणि त्या पानाची पुढची बाजू
कुणाला परत बघायची नव्हती.

साबणाच्या तीन वड्या ती किसते
गाजराच्या किसणीवर.
हलव्याला आता दुसरी घ्यावी लागेल,
तो खर्च तिनं लिहिलेला नाही.
भुगा उडतो, ऋता शिंकते.
वर्गातली पोरं तिला रिठा म्हणतात, हे आजच कळलं.
परातीत ढीग वाढत जातो
आणि मी, अकरा वर्षं पावडर विकलेला माणूस,
नाकाला रुमाल लावून
कालचा पेपर आज वाचतो.

अकरा वर्षं. सांवेर, देपालपूर, हातोद,
जिथे हाट तिथे मी:
मोटरसायकलला दोन बादल्या, घडीचं टेबल, दोन फडकी.
"देखिए बहनजी" म्हणत पाणी घुसळायचो
आणि फेस कोपरापर्यंत चढायचा.
बायका फेसाकडे बघायच्या.
फडक्याकडे नीट कुणी बघत नसे,
बरंच होतं ते,
कारण 'दुसऱ्या पावडरीनं धुतलेलं' जे फडकं
ते मी घरूनच चहात बुडवून न्यायचो.

चहा विदुलाच करायची.
"तुझ्या फडक्यापुरता ठेवलाय गाळणीखाली," म्हणायची.
वर एक शब्द नाही. अकरा वर्षं.

पावडर भरली कंपनीच्याच बादलीत.
झाकणावरचं नाव घासून घासून गेलंय,
नुसतं 'शुभ्र' उरलंय, आणि एक उद्गारचिन्ह.

नर्मदेचं पाणी दिवसाआड. आज तिचा दिवस नाही.
बोअरिंगच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही,
फेस कुठून यायला.
चार बुडबुडे आले, पाहुण्यांच्या घरात
चुकून शिरल्यासारखे,
आणि गेले.
माझा हात आपोआप घुसळायला लागला,
जोरात, कोपरापर्यंत, बाही भिजवत.
"बाबा, इथे कोण बघतंय?" ऋता म्हणाली.
विदुला पिळता पिळता म्हणाली,
"फेस नाही आला तर तुझं काहीतरी जातं.
मळाला त्याचं काही नाही."

ऋताचा शनिवारचा पांढरा ड्रेस, माझे दोन शर्ट,
उशांचे अभ्रे,
आणि मला न विचारता
ते फडकं.

लोकमान्य नगरची गच्ची. एप्रिलचं ऊन
असं की क्लिप लावेपर्यंत बाही कडक.
कॉलरी निघाल्या होत्या, मान्य करावं लागलं.
फडकंही उजळलेलं,
फक्त एका कडेला चहा राहिलेला,
करंगळीएवढा, खऱ्या डागासारखा.

पलीकडच्या दोरीवरून चौरसिया भाभी:
"भैया, घर का बनाया है? दाग जाता है?"

उत्तर जिभेवर तयार होतं,
अकरा वर्षं पाठ, इस्त्री केलेलं.
"थोड़ा रह जाता है," मी म्हणालो.

ती थांबली.
फडक्याचा तोच कोपरा उलटा करून पाहिला,
दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला.
"पाव किलो दे देना. पैसे ले लेना, हाँ,
ऐसे नहीं लूँगी."

मला भाव माहीत नव्हता.
आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक समोर
आणि मला भाव माहीत नव्हता.

खाली आलो, फेब्रुवारी उलटा केला.
सोडा, टाकणखार, रिठे, वड्या,
पुढे रिक्षाचे चाळीस, गोल करून, वजा.
विदुला पेन्सिल शोधत होती.
"किसणीसुद्धा धर त्यात," मी म्हणालो.