वीसपैकी सतरा

खारबावच्या खाली, जिथं डांबर संपतं
आणि गोदामाच्या पत्र्याची सावली दुपारी भातात उतरते,
तिथं मी पंचनाम्याला गेले होते.
अवसेच्या रात्री वरून डोंगराचं पाणी, खालून खाडीचं,
मध्ये सापडला बांध.
तो आतून फुटला की बाहेरून
यावर दोन म्हातारे अजून भांडत होते.

नामीबाय भोईर. तेहतीस गुंठे.
मी फॉर्म काढला. पिकाचं नाव, टक्के, खाते क्रमांक.
दुकानातून आणलेलं भात चिखलात आडवं,
पानांच्या टोकांवर मीठ,
जीभ लावली तर कळेल एवढं.
"शंभर टक्के," मी म्हणाले, तिच्या भल्यासाठी.
"नाय," ती म्हणाली. "त्यो कोपरा बग."

कोपऱ्यात अर्धा गुंठा उभा होता.
राता. लाल तांदळाचा, सासूच्या हातचा,
दरसाल मूठभर पेरायचा म्हणून पेरलेला,
जशी कुठल्याच कुलपाची नसलेली चावी
कुणी जुडग्यात राहू देतं.
"यो लिव तुजे कागदान."

जे वाचलं त्याला फॉर्मात रकाना नव्हता.
शेरा म्हणून जागा होती, दीड ओळ.
मी लिहिलं : राता जगला.
साहेबांनी नंतर लाल पेनानं खाली विचारलं :
राता कोण?

मदत फाल्गुनात आली.
किती, ते नामीबायनं सांगितलं नाही,
फक्त त्या आठवड्यात मोबाईल रिचार्ज केला.
बांधाची मंजुरी अजून वाटेत होती
आणि उघाडीचं दार कुजलेलं;
खाडी आत यायची, परत जायचं विसरायची.

तिचा पुतण्या रोहिदास गोदामात रात्रपाळीला.
तिथं खोक्यांखालचे लाकडी पॅलेट मोडले की जाळतात.
त्यानं अकरा मागून आणले, टेम्पोचं भाडं खिशातलं.
दार जुळवलं बामा केण्यानं,
जो एरवी कासारवडवलीच्या टॉवरांत
किचनच्या ट्रॉल्या बसवतो.
फळीवर शिक्का अजून दिसतो, कुठल्याशा बंदराचा,
आणि एक बाण : ही बाजू वर.
ती बाजू खाली बसली आहे.

मग घरटी एक माणूस, तीन रविवार, नुसती माती.
ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्यातलेही चौघे आले.
पाचवा आला नाही, चहा पाठवला.
आता भरती रात्री दोनला असली
की रोहिदास गोदामातून सगळ्यांना लिहितो : दार पाडा.
अंधारात एकेक अंगठा उमटतो.

दिवाळीनंतर झोडून निघाला होता जेमतेम तीन पायली राता.
एक दाणाही तिनं शिजवला नाही.
पाच घरांत वाटून ठेवला.
"येकाच घरान ठेवला तं येकाच उंदराला पुरल."
सहावी पुडी माझ्या हातात दिली.

ठाण्यात, नवव्या मजल्यावर,
ताटलीत ओलं फडकं, फडक्यावर वीस दाणे,
पाण्यात मीठ, चव घेत घेत,
आमटीत घालावं तसं.
नवऱ्यानं विचारलं, हे सरकारी काम आहे का?
चौथ्या दिवशी चष्मा लावून तोच मोजायला वाकला.

फोन केला. "नामीबाय, सतरा!"
पलीकडे कोंबड्या, कुणाचा तरी पंप,
आणि ती, हिशोबात गुंतलेली :
"मंजे तीन मेले.
मंग पायलीमागं मूठभर जास्ती धरू."
जरा थांबून : "मीठ कवडा टाकलंस?"
मी सांगितलं. दीड चमचा.

"आनखी घाल," ती म्हणाली.
"अवंदा खाडी जास्तीच येल."