तीन वाजून सतरा

तीनला नको लावूस, लाउतारो.
तीनला रक्ततपासणीची यंत्रं दिवसभराचे आकडे ओततात,
सव्वातीनपर्यंत लाइन तुंबलेली असते.
तीन सतरा लाव.
ही सतरा मिनिटं सापडायला मला चार हिवाळे लागले.

आता वाच, काय लिहिलंयस. मोठ्याने.
आधी स्नॅपशॉट, मग डेटाबेसला सूचना?
उलट, बाबा.
फोटोवाला आधी सांगतो, हलू नका,
मग बटण दाबतो.
हिला आधी सांगायचं
(हिलाच; आपल्या स्पॅनिशमध्ये ती बाईच आहे)
हातातलं वाक्य पुरं कर,
मनात धरलंयस ते डिस्कवर उतरव,
आणि श्वास धर.

दोन सेकंद. फार तर तीन.
तेवढ्यात तळघरातलं स्टोरेज पानापानावर बोट ठेवतं.
नक्कल करत नाही ते, लोकांचा गैरसमज आहे.
एवढंच ठरवतं, की ही पानं आता खोडायची नाहीत,
नवं काही आलं तर नव्या जागी लिहा.
मग हिला सोड.
सोडायला विसरू नकोस.
मी विसरले होते एकदा.
इमर्जन्सीतल्या नर्सेस उजाडेपर्यंत
जेवणाच्या चिठ्ठ्यांमागे नाड्या लिहीत होत्या.

सेनोनच्या काळात श्वासबीस काही नव्हतं.
हिरवा दिवा लागायचा, सगळे खूश.
मग ऑगस्टात वीज गेली, जनरेटर खोकला आणि गप्प झाला,
आणि आम्ही त्याचं चित्र उघडलं तर
आईची नोंद होती, बाळाची नव्हती.
वजन होतं, तीन किलो दोनशे.
कुणाचं, ते नव्हतं.

लॉगचं व्हॉल्यूम वेगळं आहे. त्याचं चित्र नंतर.
का ते उद्या सांगते, आज नुसतं पाळ.
आणि रोज पहाटे एक प्रत सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनीरला.
मूळ आणि चित्र एकाच कपाटात ठेवलं
तर आगीला दोन्ही सारखीच.
वाऱ्याने फेरीबोट बंद असली तरी हे जातं.
आज बंदच आहे. चौकात दोर बांधलेत,
येताना मी दोन्ही हातांनी धरला, लाज वाटली नाही.

ठेवलं म्हणजे राहिलं, असं नसतं. उघडून बघायचं.
मंगळवारचं घे. त्या जुन्या सर्व्हरवर माउंट कर,
इथे नको. इथे जिवंत माणसं आहेत.
कुठलीही एक खाट उघड.
अकरा?
बरं.

ब्राउल्यो मिमिका, वय त्र्याऐंशी.
मऊ जेवण, मीठ नाही.
सकाळी आठला नातीला फोन जोडून द्यावा.

हो, तोच. खेकडेवाला.
माझी आई त्याच्याशी भावावरून भांडायची
आणि शेवटी एक जास्तीचा घेऊनच यायची.
डॉक्टरांची नोंद तीन चोवीसची आहे.
या चित्रात अजून सात मिनिटं बाकी आहेत.

काय बघतोयस? आकडे जुळतात ना?
मग वहीत लिही, चाचणी यशस्वी.
नाही, जास्त नाही ठेवता येत.
चौदा रात्री. मग बोट उचललं जातं,
पानं मोकळी होतात, त्यांवर दुसऱ्या कुणाचा ताप लिहिला जातो.
डिस्क एक्क्याऐंशी टक्के भरलीय,
नवी मागितलीय, सँतियागोहून उत्तर नाही.

ही प्रत आता पुसायची.
विचारेल, नक्की का.
सरक, मी दाबते.

कॉफी आण, माझ्यात साखर नको.
यंत्र दोनशे पेसो गिळतं, डाव्या बाजूला एक लाथ घाल.
नाही, थांब,
किती वाजले?
तीन सोळा.
बस खाली. बोलू नकोस.