नदीत

मगदूमांच्या फौंड्रीत मी तेव्हा
जर्मन भट्टीची पुस्तकं मराठीत उतरवायची.
वितळबिंदू, साचा, झडप, हात लावू नये,
माझं जर्मन एवढंच. तेवढ्यावर मला
दुभाषी म्हणून अँबॅसिडरमध्ये पुढं बसवलं.

मागं त्या. वाल्ट्राउड होल्टकांप, खासदार.
पायांत जाड तळव्याचे बूट,
डोक्यावर सकाळी सत्काराला बांधलेला फेटा.
तो उतरवायचा कधी, हे कुणी सांगितलंच नव्हतं,
म्हणून दुपारपर्यंत तसाच.
पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटीही त्यांनी फेट्यातच संपवली.

शिरोलीपासून गावात येईपर्यंत
त्यांनी आपलं आयुष्य सांगितलं.
मला निम्मं कळलं.
बाप खाणीत. स्वतः खाणीच्या काट्यावर
वॅगनींची वजनं लिहीत अकरा वर्षं.
पहिल्या निवडणुकीत पडल्या.
दुसऱ्या खेपेला नगरसभेत गेल्या, तर
शाळा, रस्ते, बागा, सगळ्या समित्या पुरुषांनी वाटून घेतलेल्या.
उरली गटार समिती.
सहा वर्षं. कुठल्या गल्लीखाली किती इंची पाइप,
कुठला लग्नातल्या भांडणासारखा फुटतो कधीही,
सगळं तोंडपाठ.
(लग्नातलं भांडण माझं आहे.
त्या दुसरंच काही म्हणाल्या होत्या.)

दसरा चौकाजवळ, जयंती नाल्याच्या पुलावर,
त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.
गाडी थांबली.
कार्यक्रमपत्रिकेत पूल नव्हता.
कठड्याला टेकून, फेट्याचा शेमला वाऱ्यावर,
त्या खाली बघत राहिल्या
आपल्या गावच्या ओळखीच्या माणसाकडं बघावं तशा.
मग विचारलं, हे जातं कुठं?

मगदूम मालक म्हणाले, सांगा, पुढं प्रक्रिया होते.
नगरपालिकेचे साहेब म्हणाले, हां, प्रक्रिया.
मला प्रक्रियेचा शब्द येत होता.
भट्टीच्या पुस्तकात पान बावीसवर होता.

इन डेन फ्लुस, मी म्हणाले.
नदीत.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
साहेबांनी विचारलं, काय म्हणाल्या?
काही नाही, आवडलं म्हणाल्या.

जाताना मात्र फेटा स्वतःच सोडला,
नीट घडी घालून माझ्या हातात दिला, आणि म्हणाल्या,
फ्राउ हसूरकर, तुम्ही गटारापासून सुरुवात करा.
तिथं गर्दी नसते.

मी हसले. घरी गेले. सात वर्षं काही केलं नाही.

मग आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला,
दिरांनी आपल्या बायकोचा अर्ज भरला,
म्हणून चिडून मीही भरला.
एक्केचाळीस मतांनी पडले.
चिन्ह होतं कंदील. गल्लीतली पोरं वर्षभर
मला बघून फुंकर मारायची.

त्यांना पत्र लिहिलं, चुका असलेल्या जर्मनमध्ये.
उत्तर पोस्टकार्डावर आलं:
मी एकसष्टांनी पडले होते.
दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या.
चुकांबद्दल एक शब्द नाही.

त्यानंतर मी दोनदा निवडून आले.
गटार समिती मागून घेतली. साहेब, नवे साहेब, म्हणाले,
मॅडम, तुम्हाला महिला-बालकल्याण शोभेल.
मी म्हटलं, शोभायला आले नाही.

परवा मगदूमांच्या नातवानं मोबाइलवर
तिकडच्या पेपरातली बातमी दाखवली.
चौदा ओळी. मंत्रालयातलं पद, पदक, एक पूल त्यांच्या नावाचा.
तेलाचे डाग पडलेला जुना शब्दकोश काढला,
चष्मा लावला, दोनदा वाचलं.
गटार समिती नव्हती.

संध्याकाळी पुलावर गेले.
आता तिथं जाळी बसवली आहे, माझ्याच ठरावानं,
आणि जाळीला प्लास्टिक अडकलेलं.
पंपिंग स्टेशन चालू असतं तेव्हा
पाणी खरंच वळतं.
लाइट गेली की
नदीत.

खिडक्या दिवाळीपासून पुसायच्या राहिल्यात.